मोटारसायकलच्या तेलनळ्या आणि त्यांचे जोड

मोटारसायकलच्या एंजिनात दट्ट्या मिनिटाला काही हजार वेळा वरखाली होत असतो. दट्ट्या आणि सिलिंडर, क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो व त्यामुळेच धातूवर धातू घासत नाही. हा थर नाहीसा झाल्यास उष्णता झपाट्याने वाढते, दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी थांबू शकते. ज्या गाड्यांत तेल बाहेरच्या रबरी नळ्यांतून वाहते, तेथे स्वाराची सुरक्षितता नळीच्या टोकावरील एका लहानशा पट्टीवरही अवलंबून असते.

तेलाचा मार्ग

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ट्रायम्फ, नॉर्टन आणि बी.एस.ए. या मोटारसायकलींपैकी बहुतेकांत तेल एंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवीत. १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेल्या बुलेटमध्ये तेलाचा कप्पा क्रँककेसच्या ओतकामातच असल्याने टाकीच्या जाड रबरी नळ्या लागत नसत.

टाकी वेगळी असली म्हणजे नळ्यांची कामे निरनिराळी होतात. पुरवठ्याची नळी टाकीतून पंपापर्यंत तेल आणते. परतीची नळी तळाशी उतरलेले तेल पुन्हा टाकीत पोचविते. परतीचा जोड सैल झाला तर तेल बाहेर सांडते. ते मागच्या टायरवर पडल्यास गाडी घसरते. पण निदान दोष डोळ्यांना दिसतो.

पुरवठ्याच्या नळीची गोष्ट निराळी आहे. पंप तेल ओढीत असताना तिच्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो. अशा वेळी सैल जोडातून तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. थंड, दाट तेल ज्या फटीतून पाझरत नाही, तिच्यातूनही हवा सहज जाते. जमिनीवर थेंबही दिसत नाही आणि बेअरिंगला मात्र बुडबुड्यांनी भरलेले तेल मिळते. म्हणून जो जोड कोरडा दिसतो, तो निर्दोष असेलच असे नाही.

नळीची निवड

नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगते व मऊ पडते. १९३० च्या दशकात जर्मनीत विकसित झालेले नायट्राइल रबर तेलाला चांगले तोंड देते आणि सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत दीर्घकाळ टिकते. एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी दिसायला तशीच काळी असली, तरी ती बहुधा तेल न सोसणाऱ्या रबराची असते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी उष्णतेने मऊ होऊन निपलावरून निसटते. पुरवठ्याच्या नळीची भिंत जाड आणि आत विणीचा थर असलेली हवी. नाहीतर तापल्यावर ओढीमुळे ती चपटी होते.

मापातही काटेकोरपणा पाहिजे. ३/८ इंच म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर. या मापाच्या निपलावर १० मिलिमीटरची नळी सहज चढते, आणि सहज चढते हाच तिचा दोष होय. क्लिप आवळली की जास्तीच्या रबराला सुरकुती पडते व तिच्यातून तेलाला वाट मिळते.

क्लिप कोणती?

स्क्रू फिरवून आवळावयाची क्लिप ब्रिटिश नौदलातील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ साली तयार केली. मोठ्या नळीवर ती उत्तम काम देते. अरुंद नळीवर मात्र स्क्रूच्या घराखालील पट्टी नीट वळत नाही आणि तेवढ्या जागी दाब कमी पडतो. शिवाय पट्टीतील खाचा रबरात रुततात. लहान नळीसाठी अखंड पट्टीची, कडा बाहेर वळविलेली आणि नट-बोल्टने आवळली जाणारी क्लिप अधिक योग्य. स्प्रिंगची क्लिप, रबर दबून पातळ झाले तरी, दाब टिकवून धरते.

क्लिप निपलाच्या उंचवट्याच्या मागे बसवावी, उंचवट्यावर किंवा नळीच्या अगदी कडेवर नव्हे. ती सर्व बाजूंनी सारखी बसावी, एवढेच आवळणे पुरे. अधिक बळ लावल्यास रबर चिरते.

पंपाच्या पुढील नळीत तेलाचा दाब वातावरणाच्या कित्येक पट असू शकतो. तेथे साधी क्लिप वापरू नये. यंत्राने दाबून पक्की केलेली धातूची टोके व आट्यांचे जोड वापरावेत. आट्याही ओळखून घ्याव्या लागतात. पाव इंची ब्रिटिश पाइप-आट्यात इंचाला १९ वेढे व ५५ अंशांचा कोन असतो. अमेरिकन आट्यात १८ वेढे व ६० अंश. एक दुसऱ्यात काही वेढे जातो, मग अडतो. बळाने फिरविल्यास दोन्ही आटे बिघडतात.

बसविल्यानंतर

नवी नळी बसविल्यावर एंजिन तापू द्यावे, पुरते निवू द्यावे आणि मग क्लिपा पुन्हा तपासाव्यात. कारण पहिल्या उष्णतेत रबर थोडे दबते. नळी कडक झाली, तडकली किंवा बोटांनी दाबताच चपटी होऊ लागली, तर क्लिप आणखी आवळून भागत नाही. नळीच बदलली पाहिजे. पुरवठ्याच्या नळीच्या बाबतीत तर तेल गळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण तिच्यातील बिघाडाची खूण पहिल्याने जमिनीवर नव्हे, तर बेअरिंगवर उमटते.