स्पॅनिश क्रियारूपे : अक्षरविभागणी आणि आघात

मराठीत किंवा उर्दूत केवळ आघात बदलल्याने क्रियापदाचा पुरुष वा काळ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये तो बदलतो. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याच्या ‘आब्लो’ या रूपात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ ‘मी बोलतो’, दुसऱ्यावर दिला तर ‘तो बोलला’. देवनागरी लेखनात हा भेद दिसत नाही. म्हणून अध्यापनात प्रथम विभागणी व नंतर आघात असा क्रम ठेवणे इष्ट ठरते.

विभागणी : दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील अक्षरात जाते. दोन व्यंजने असल्यास ती सामान्यतः विभागली जातात : कान्-तो (मी गातो). मात्र प, ब, क, ग, फ यांना जोडून आलेला ल किंवा र, तसेच त, द यांना जोडून आलेला र वेगळा होत नाही. मराठी कान ‘आब्-लो’ असे फोडू पाहतो; स्पॅनिश विभागणी ‘आ-ब्लो’ अशी आहे.

अ, ए, ओ हे सबल स्वर. इ, उ हे दुर्बल. दोन सबल स्वर वेगळे राहतात : ले-एर (वाचणे). सबलाशेजारील आघातहीन दुर्बल स्वर त्याच्याशी एकरूप होतो : एस्-तु-द्यो (मी अभ्यास करतो). दुर्बलावरच आघात असल्यास तो स्वतंत्र अक्षर बनतो : को-मि-आ (तो खात असे). अशा वेळी त्यावर तिरकी रेघ अनिवार्य असते.

आघात : शब्दान्ती स्वर, न किंवा स असल्यास उपान्त्य अक्षरावर, अन्य व्यंजन असल्यास अन्त्य अक्षरावर आघात येतो. या नियमाला अपवाद ठरणाऱ्या रूपात आघातयुक्त स्वरावर रेघ देतात. त्यामुळे ‘तो बोलला’ या अर्थाच्या ‘आब्लो’मधील अन्त्य ओ-वर रेघ असते, ‘मी बोलतो’मध्ये नसते.

क्रियापदाला सर्वनाम जोडले तरी आघात मूळ जागीच राहतो. दा (दे), दा-मे (मला दे), दा-मे-लो (मला ते दे) : तिन्हींत जोर ‘दा’वरच आहे. परंतु तिसऱ्या रूपात तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर येत असल्याने रेघ द्यावी लागते.

स्पॅनिश अकादमीच्या 2010 च्या शुद्धलेखन ग्रंथानुसार ‘र्यो’ (तो हसला) हे लेखनात एकाक्षरी मानून त्याची रेघ वगळली आहे. ‘रि-ओ’ (मी हसतो) मध्ये ती कायम आहे. जुनी पाठ्यपुस्तके वापरताना शिक्षकांनी हा बदल ध्यानात ठेवावा.

सारांश, रेघ ही शोभेची खूण नसून कर्ता कोण आणि क्रिया केव्हाची हे सांगणारा व्याकरणाचाच भाग आहे.