छोटी गाडी, मोठी हौस: मॉडिफिकेशनचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मसल कार म्हणजे साध्या, मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेले मोठे इंजिन. पॉन्टियाक कंपनीने 1964 च्या टेम्पेस्ट या घरगुती गाडीत 6.4 लिटरचे व्ही-8 इंजिन घातले, तिला जीटीओ नाव दिले आणि हा प्रकार अमेरिकेत रूढ झाला. त्याच 1964 साली युरोपातली मॉन्टे कार्लो रॅली मात्र 1,071 सीसीच्या मिनी कूपर एसने जिंकली. गाडी वेगवान करण्याचे हे दोन स्वतंत्र मार्ग होते. पुण्यातल्या शौकिनाला पहिल्याचे वेड असते आणि त्याच्या दारात उभी असते मारुती 800, ऑल्टो नाहीतर स्विफ्ट. 2016 मध्ये फोर्ड मस्टँग अधिकृतपणे भारतात आली, पण किंमत 65 लाखांच्या घरात होती. मग मसल कारचे आडाखे छोट्या गाडीला लावले जातात आणि बहुतेक चुका तिथेच होतात. त्या पडताळून पाहायला खडकवासल्याचा रस्ता पुरेसा आहे. धरणाकाठच्या चौपाटीवर सुट्टीच्या दिवशी कणीस-भज्यांची गर्दी आणि तुंबलेली वाहतूक, तर पुढे डोणज्यावरून सिंहगडाचा घाट.

पहिला आणि सर्वांत रुजलेला समज म्हणजे बीएचपीचा आकडा मोठा तर गाडी वेगवान. प्रत्यक्षात ताकदीला वजनाने भागल्यावर जे उरते ते महत्त्वाचे. भारतात आलेल्या मस्टँगचे सुमारे 400 बीएचपी पावणेदोन टनांना ओढतात, म्हणजे टनामागे सव्वादोनशेच्या आसपास. कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 मध्ये 37 बीएचपी आणि साडेसहाशे किलो, म्हणजे टनामागे 57. आता दोन्हींत चार माणसे, मिळून 280 किलो, बसवावीत. मस्टँगचे प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी घटते, 800 चे 30 टक्क्यांनी. छोट्या गाडीत वजनाची किंमत अशी दुप्पट मोजावी लागते. डिकीत सबवूफर, अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोके भरून वर ‘पिकअप’साठी महागडा फिल्टर लावणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे. उलट टोकाला स्टेपनी काढून वजन वाचवणारेही आढळतात. पानशेतच्या रस्त्यावर पंक्चर झाले की त्या शहाणपणाचा हिशेब होतो.

जुन्या अमेरिकी गाड्यांचे आकडेही जसेच्या तसे घेऊ नयेत. 1971 पर्यंत तिथे ‘ग्रॉस’ ताकद छापण्याचा प्रघात होता. इंजिन टेबलावर, गाडीतला सायलेन्सर आणि इतर बोजा न लावता मोजलेले असे. 1972 च्या मॉडेलांपासून ‘नेट’ आकडे आले आणि तीच इंजिने कागदावर एकदम अशक्त दिसू लागली.

ताकदीचा आणखी एक वाटेकरी सहसा ध्यानात येत नाही, तो म्हणजे उंची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे 5 टक्के विरळ. सिंहगडाचा माथा 1,300 मीटरच्या आसपास, तिथे ती सुमारे 12 टक्के विरळ. टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा आत घेईल तेवढेच पेट्रोल नीट जाळू शकते, त्यामुळे ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. फिल्टर आणि सायलेन्सर बदलून जे चार-पाच टक्के मिळतील असे सांगितले जाते, त्याहून जास्त घाट चढतानाच निघून जातात. टर्बो हवा दाबून भरतो म्हणून ही घट बरीच भरून काढतो.

मोठे इंजिन घातले की काम झाले, हा खास मसल कारचा वारसा. मारुती झेनचे 993 सीसीचे आणि एस्टीमचे 1,298 सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले, म्हणून झेनमध्ये एस्टीमचे इंजिन बसवण्याची हौस गॅरेजवाल्यांमध्ये जुनी आहे. मात्र मसल कार मागच्या चाकांवर चालते. जोरात वेग घेताना गाडीचे वजन मागे सरकते, मागची चाके रस्त्यावर अधिक दाबली जातात आणि पकड वाढते. झेन, स्विफ्ट, ऑल्टो यांची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि वेग घेताना नेमकी तीच चाके हलकी होतात. ताकद एका मर्यादेपलीकडे गेली की टायर जागीच फिरतात आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते. पावसाळ्यात घाटाच्या चढणीवर हे फार लवकर जाणवते.

आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा समज सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत त्रासदायक. त्यावर ‘इंजिनाला मागून दाब लागतोच’ असे उत्तर दिले जाते, तेही अर्धवट. इंजिनाला दाब नको असतो, धुराचा वेग हवा असतो. धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो आणि वेगाने निघालेला एक ठोका मागच्याला ओढून नेतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली की कमी आरपीएमवर हा वेग मंदावतो. वरच्या आरपीएमवर थोडा फायदा झाला तरी 2,000 ते 3,000 च्या टप्प्यातला दम कमी होऊ शकतो आणि घाटात किंवा गर्दीत गाडी बहुतेक वेळ याच टप्प्यात असते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोलही असेच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ऊर्जा नव्हे. इंधन दाबाखाली अवेळी पेटू न देण्याचा तो गुण आहे. साध्या पेट्रोलवर न ठोकणाऱ्या इंजिनाला महाग पेट्रोलने नवी ताकद येत नाही.

इंजिनाच्या संगणकाचे रिमॅपिंग, म्हणजे त्यातल्या सॉफ्टवेअरमधले फेरबदल, या सगळ्यांत खऱ्या अर्थाने परिणामकारक, पण सरसकट नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात कंपनीने फारसे काही शिल्लक ठेवलेले नसते. टर्बो डिझेलमध्ये हवेचा दाब आणि डिझेल दोन्ही वाढवता येतात, म्हणून फरक ठळक असतो. स्विफ्टमधले फियाटचे 1,248 सीसीचे मल्टिजेट इंजिन 75 पीएसचे होते. तेच इंजिन वेगळ्या, व्हेरिएबल जिओमेट्री टर्बोसह एर्टिगामध्ये 90 पीएस देई. म्हणजे हा फरक साधायला खुद्द कंपनीने टर्बो बदलला होता. केवळ सॉफ्टवेअरने तेवढी किंवा त्याहून जास्त मजल मारायची तर क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स यांच्यावरचा भार वाढतो.

टायरच्या बाबतीत ‘जितके मोठे तितके बरे’ हा समज दिसायला निरुपद्रवी, पण खर्चिक. पाहायचा असतो तो टायरसकट चाकाचा एकूण व्यास. 2011 च्या स्विफ्टला खालच्या मॉडेलात 165/80 आर 14 टायर होते, त्यांचा व्यास साधारण 620 मिलिमीटर. वरच्या मॉडेलातल्या 185/65 आर 15 चा 621.5. रिम मोठा झाला, पण टायरची भिंत तेवढीच कमी झाल्याने स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित बिघडले नाही. मारुती 800 च्या 145/70 आर 12 ऐवजी 155/65 आर 13 घातले तर व्यास जवळपास 5 टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि आधीच तोकडा असलेला पिकअप आणखी मंदावतो. टायर बदलण्यामागे रुबाबापेक्षा पकडीचा विचार असेल, तर छोट्या गाडीवरचा हा सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे.

गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगची वेटोळी कापण्याचा प्रकार मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. शॉकअब जुन्याच स्प्रिंगसाठी घडवलेले असल्याने ते तिला आवरू शकत नाहीत. चाक खड्ड्यात लटकले की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटण्याचाही धोका असतो. गाडी खाली दिसते, पण वळणावर उड्या मारते.

ब्रेकचा विचार सहसा शेवटी होतो, खरे तर तो सुरुवातीला हवा. 1961 मध्ये पहिली मिनी कूपर आली, तेव्हा ताकद वाढवतानाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले होते. वेग ताशी 60 वरून 80 किलोमीटर झाला तर ब्रेकने जिरवायची ऊर्जा पाऊणपटीहून जास्त वाढते. चार माणसांसह 930 किलोंची मारुती उंचीत 500 मीटर खाली उतरते, तेव्हा ताशी 60 किलोमीटरवरून पस्तीसएक वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास तिचा मोठा वाटा इंजिन घेते, नाहीतर सगळी उष्णता ब्रेकमध्ये साठते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट 4 प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा 155 अंशांपर्यंत घसरू शकतो. तेल उकळले की पेडल पोकळ लागते. वेळेवर ब्रेक ऑइल बदलणे या कामाला कोणी मॉडिफिकेशन म्हणत नाही, पण जुन्या गाडीवर त्याइतका गुण क्वचितच कशाला येतो.

‘आरसी बुकावर चढवले की सगळे चालते’ हा शेवटचा गैरसमज. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट रीतसर नोंदवून बसवता येते. झेनमध्ये एस्टीमचे इंजिन घालणे त्या रांगेत बसत नाही, कारण सीसीच बदलते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडकवू शकतो.

शर्यतीच्या गाड्यांचे नियम निराळे. त्या भारतीय मोटरस्पोर्ट क्लब महासंघाच्या मान्यतेच्या स्पर्धांत, कोइमतूर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईसारख्या बंद ट्रॅकवर धावतात. तिथेही छोट्या इंजिनाला जागा होती. फॉर्म्युला मारुती या एकआसनी गाडीत मारुती 800 चेच इंजिन असे आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवात तीतच झाली.