चुंबकाची बडदास्त

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात रेणूची रचना उलगडणाऱ्या एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) यंत्राची खोली बहुधा तळमजल्यावर असते. यंत्र जड, त्यात त्याला कंपनांचं वावडं. दारावर पाटी असते: पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये, किल्ल्या, घड्याळ, एटीएम कार्ड बाहेर ठेवावं. आत उभी असते स्टीलची एक उंच टाकी. विभागातल्या सर्वांत महाग यंत्रांपैकी हे एक. पण त्याची खरी गोष्ट किमतीची नाही, रोजच्या बडदास्तीची आहे.

टाकीच्या पोटात अतिवाहक तारेचं वेटोळं द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला, बुडवून ठेवलेलं असतं. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो. एकदा खेळवलेला प्रवाह मग बाहेरून वीज न देता वर्षानुवर्षं फिरत राहतो. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात त्यातून ९.४ टेस्लाचं क्षेत्र तयार होतं. आपल्याकडे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ते दोन लाख पटींहून जास्त आहे.

या क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रं ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. हार्वर्डमध्ये पर्सेल आणि स्टॅनफर्डमध्ये ब्लॉख यांनी १९४५-४६च्या सुमारास हे स्वतंत्रपणे दाखवलं. १९५२चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. रसायनशास्त्रज्ञांना त्याचं मोल कळलं ते शेजारामुळे. हायड्रोजन कोणत्या अणूंच्या सोबत बसला आहे, त्यानुसार त्याची वारंवारता किंचित सरकते. १९५१ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचे तीन वेगळे संकेत दाखवले. त्यांची क्षेत्रफळं ३:२:१ या प्रमाणात, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनच्या तीन गटांची थेट मोजदाद. यांतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि एनएमआरचं संशोधन त्यांनी तिथे रुजवलं.

पूर्वी रेणूची रचना ठरवायला तो तोडून, त्याचे तुकडे ओळखत महिने घालवावे लागत. आज साध्या नमुन्याचा प्रोटॉन स्पेक्ट्रम, म्हणजे त्यातल्या हायड्रोजनच्या संकेतांचा आलेख, काही मिनिटांत निघतो. पण त्या मिनिटांआधीचे दिवस वरच्या मजल्यावर जातात. फ्यूम हूडखाली अभिक्रिया लावायची, थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या (टीएलसी) पट्टीवर ती पुढे सरकली का पाहायचं, सिलिकाचा कॉलम लावून पदार्थ वेगळा करायचा, रोटाव्हॅपवर द्रावक उडवायचं. मग काही मिलिग्रॅम पदार्थ ड्यूटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पाच मिलिमीटर जाडीच्या काचनळीत भरायचा. साधं क्लोरोफॉर्म चालत नाही, कारण त्याच्याच हायड्रोजनचा संकेत सगळ्यांवर मात करेल. नळी ॲसिटोनने धुऊन नीट वाळवली नसेल, तर स्पेक्ट्रमवर २.१७ पीपीएमला ॲसिटोनचं ठसठशीत शिखर उगवतं आणि गाईड विचारतात, ‘‘हे तुझं कंपाउंड की तुझी नळी?’’ यंत्र कितीही भारी असो, हाताची स्वच्छता ते उसनी देत नाही.

आता बडदास्त. हेलियम लवकर उडून जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा वेढा असतो. पारंपरिक यंत्रांत नायट्रोजन साधारण दर आठवड्या-दोन आठवड्यांनी भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी. भारत हेलियमसाठी जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. परदेशात पुरवठा आटला की इथल्या विभागाचं अंदाजपत्रक कोलमडतं. हेलियमची पातळी फार खाली गेली तर तार अतिवाहकता गमावते, साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि द्रव झपाट्याने उकळतो. याला ‘क्वेंच’ म्हणतात. द्रव हेलियमचा वायू सातशे पटींहून जास्त जागा व्यापतो आणि खोलीतला ऑक्सिजन हटवतो; म्हणून भिंतीवर ऑक्सिजनचा अलार्म हवा.

खरेदीसाठी प्रकल्पातून एकरकमी निधी मिळू शकतो. हेलियम, वार्षिक देखभाल करार (एएमसी) आणि प्रशिक्षित ऑपरेटर यांचा खर्च मात्र दरवर्षी उभा राहतो. म्हणूनच एकेका विभागाने सगळं स्वतः बाळगण्यापेक्षा सामायिक केंद्रं शहाणपणाची ठरतात. मुंबईच्या आयआयटीतलं ‘सैफ’ केंद्र हे त्याचं उदाहरण: बाहेरच्या कॉलेजातला विद्यार्थीही शुल्क भरून तिथे नमुना तपासून घेऊ शकतो.

तेव्हा एखाद्या विभागात नवं यंत्र आल्याचं ऐकलं, तर किंमत विचारू नये. गेल्या महिन्यात बाहेरचे किती नमुने चालवले, ऑपरेटर कायम आहे की कंत्राटी आणि पुढच्या वर्षीच्या हेलियमची तरतूद झाली आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. प्रयोगशाळेचा दर्जा या उत्तरांतून कळतो.