आजारी उद्योग आणि मनोधैर्याचे भांडवल

उद्योग डबघाईस आला की त्याच्या पुनर्वसनाची चर्चा कर्ज, भांडवल आणि नोकरकपात यांभोवतीच फिरत राहते. कर्मचाऱ्यांचे खचलेले मन हा अर्थशास्त्राचा विषयच नव्हे, असे मानण्याची आपली रीत आहे. जपान एअरलाइन्सचा अनुभव या समजुतीला छेद देणारा आहे.

ही विमान कंपनी जानेवारी २०१० मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिच्यावर सुमारे २.३ लाख कोटी येनचा बोजा होता. क्योसेरा या कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी तिचे अध्यक्षपद स्वीकारले, तेही विनावेतन. नफ्यातोट्याची जबाबदारी आपली आहे असे कोणत्याच खात्याला वाटत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. जून २०१० पासून वरिष्ठ अधिकाऱ्यांना वर्गात बसवून कामामागील मूल्यांची चर्चा घडवून आणली. पुढे अशा ४० सूत्रांची पुस्तिका २०११ च्या आरंभी कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. दुसरे असे की, लहान लहान गट पाडून प्रत्येक गटाचे उत्पन्न व खर्च त्या गटापुढे मांडण्याची पद्धत सुरू केली. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीचे भाग पुन्हा शेअरबाजारात आले.

याचे सारे श्रेय मूल्यशिक्षणाला देणे भाबडेपणाचे ठरेल. बँकांनी मोठी कर्जे सोडून दिली, सरकारी पाठबळाच्या संस्थेने ३५ हजार कोटी येन ओतले आणि सुमारे १६ हजार नोकऱ्या कमी झाल्या. ३१ डिसेंबर २०१० रोजी १६५ वैमानिक व विमानसेवकांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांनी न्यायालयात दाद मागितली. ती मिळाली नाही. कर्मचाऱ्यांचे सुख हेच आपले ब्रीद म्हणविणाऱ्या कंपनीच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवता येणार नाही.

तरीही मागे राहिलेल्यांच्या मनात उमेद का जागली, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते याचे उत्तर त्या ४० सूत्रांत नाही. उपदेश करणारा स्वतः वेतन घेत नव्हता आणि हिशेबाची वही सर्वांपुढे उघडी होती, यात ते आहे. आपल्याकडे आजारी उद्योगात त्यागाचे आवाहन बहुधा खालच्या पायरीपासून सुरू होते आणि ताळेबंद मात्र वरच्या मजल्यावर कुलूपबंद राहतो. ज्याला हिशेब दाखविला जात नाही, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?