साक्षीदार आणि राखणदार

रायगड जिल्ह्यात घराच्या अथवा मंदिराच्या सुरक्षेचा विषय निघाला की दिवेआगरचे नाव आजही निघतेच. श्रीवर्धन तालुक्यातील या किनारी गावात १९९७ साली पोफळीच्या वाडीत जमिनीखालून गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला आणि गावाचे भाग्य पालटले. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, २४ मार्च २०१२ रोजी, तेथे दरोडा पडला. मंदिराची राखण करणारे दोघे मारले गेले आणि मुखवटा गेला. पुढे तपास लागला, अलिबागच्या विशेष न्यायालयाने २०१७ साली शिक्षाही सुनावल्या; परंतु तोवर मुखवटा वितळवला गेला होता. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नवा मुखवटा प्रतिष्ठापित झाला. राखणदारांच्या दोन घरांची हानी मात्र कोणत्याही निवाड्याने भरून निघणारी नव्हती.

पेण आणि रोहा येथील व्यापारी कुटुंबे सध्या घरोघर कॅमेरे बसवीत असताना ही घटना आठवणे अप्रस्तुत नाही. गुन्हा घडून गेल्यानंतर उपयोगी पडणारी साधने आणि गुन्हा घडूच न देणारी साधने यांत मोठे अंतर आहे. कॅमेरा हा मुख्यतः पहिल्या वर्गातला आहे. तो साक्षीदार आहे. त्याला राखणदार समजून निर्धास्त झोपणाऱ्यांची फसगत होते. शिवाय घरात मोठा ऐवज ठेवून त्याच्या रक्षणाचा भार वृद्ध आईवडिलांवर टाकणे म्हणजे त्यांचा जीव त्या ऐवजाच्या आड उभा करणे होय, याचा विचार फार थोड्या घरांत होतो.

या दोन गावांतील जुनी घरे एका विशिष्ट घडणीची आहेत. पुढे रस्त्यावर दुकान, मागे किंवा माडीवर बिऱ्हाड, आणि त्याहीमागे परसदार. पुढच्या शटरला दोन-दोन कुलपे लागतात. परसदाराला मात्र आजोबांच्या काळची कडी असते. चोरीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द ठरलेले असतात, त्यांकडे लक्ष देऊन पाहावे. कुलूप बहुधा शाबूत राहते, निखळतो तो कोयंडा. दोन हजारांचे कुलूप अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर, दमट हवेने भुसभुशीत झालेल्या चौकटीत लटकत असेल तर कुलपाची किंमत व्यर्थ आहे. कोकणच्या पावसात लाकूड फुगते, लोखंड गंजते; म्हणून दर पावसाळ्यानंतर सुताराकडून बिजागरे, कोयंडे आणि चौकटी तपासून घेणे हा सुरक्षेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग ठरतो. आडवा अडसर, परसदारी उजेड, माडीच्या खिडकीला गज आणि पन्हळीलगत रचलेली खोकी हलवणे, इतके झाले की मग कॅमेऱ्याचा विचार करावा.

बाहेरून दिसणारे कुलूप घर रिकामे असल्याची वर्दीच देते. जैन घरांच्या बाबतीत तर कुलूप पाहण्याचीही गरज नसते. पर्युषणात सायंकाळच्या प्रतिक्रमणाला सारे घर उपाश्रयात अथवा स्थानकात असते, संवत्सरीला तर आबालवृद्ध. आणि ही वेळ गावाला ठाऊक असते. रोह्यात दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची मानवंदना स्वीकारते, तेव्हा सारा गाव रस्त्यावर असतो. पेणला गणेशोत्सवापूर्वीचे महिने मूर्तींच्या खरेदीसाठी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांची इतकी वर्दळ असते की गल्लीतला अनोळखी माणूस कोणाला खटकतच नाही. अशा दिवसांत एका घरातील एक व्यक्ती पाळीपाळीने मागे राहणे किंवा दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून आळीचे भान ठेवणे ही जुनी पद्धत आजही कामाची आहे. पालिताण्याच्या यात्रेला निघालेल्या परिवाराने स्टेशनवरूनच सामूहिक छायाचित्र मोबाईलच्या स्टेटसवर लावण्याची घाई करू नये. अनुमोदना यात्रेहून परतल्यावरही तितकीच मिळते.

आता ऐवजाविषयी. ‘दागिने बँकेत ठेवा’ असे इतरत्र सहज सांगता येते, पेणमध्ये तसे सांगणे अवघड आहे. पेण अर्बन सहकारी बँकेवर २०१० साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, २०१४ साली तिचा परवाना रद्द झाला, आणि ठेवीदारांच्या वाट्याला दीर्घ प्रतीक्षा आली. ज्या जिल्ह्याने चिंतामणराव देशमुखांच्या रूपाने रिझर्व्ह बँकेला पहिला भारतीय गव्हर्नर दिला, आणि ज्या रोह्याशी त्यांच्या घराण्याचे नाते होते, त्याच जिल्ह्यात हे घडावे हा दैवदुर्विलासच. परंतु त्या कटू अनुभवातून लॉकरही नको असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. ठेव ही बँकेला दिलेली उसनी रक्कम असते. लॉकरमधील वस्तू ग्राहकाच्याच मालकीची राहते. ठेवीवरील विम्याचे संरक्षण पूर्वी एक लाखापर्यंत होते, ते फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाले.

लॉकरसंबंधी रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत आहे. भाडे तीन हजार रुपये असेल तर ही मर्यादा तीन लाखांची, आणि आजच्या भावात तीन लाखांत सोने ते किती येणार? पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसल्यास, तीही जबाबदारी नाही. लॉकर उघडला गेला की त्याच दिवशी ग्राहकाला संदेश पाठवणे बँकेवर बंधनकारक आहे. म्हणून बँकेत नोंदलेला मोबाईल क्रमांक चालू आहे ना, हे तेवढे पाहावे. लॉकर घ्यावाच, मात्र दागिन्यांचा वेगळा विमाही उतरवावा.

विम्याच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आढळतो. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, पूर, वादळ, दरड अशा आपत्तींसाठी ती उत्तम आहे. कुंडलिका आणि भोगावतीच्या काठी राहणाऱ्यांनी तर ती घ्यावीच. पण चोरीचे संरक्षण तीत अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतेच आहे. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण आणि दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी निराळा पर्याय मागून घ्यावा लागतो. दावा करताना बिले, वजने आणि छायाचित्रे लागतात. आजीच्या पाटल्यांचे बिल कुठून असणार? म्हणून मूल्यांकनाचा दाखला काढून त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवणे शहाणपणाचे आहे.

कॅमेरा निवडताना पहिला मोह होतो तो संपूर्ण गल्ली दिसण्याचा. दुकानदारही पडद्यावर दूरचा नाका दाखवून गिऱ्हाईक खूश करतो. वास्तविक, रुंद कोनाच्या नेहमीच्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चार-पाच मीटरच्या पुढे चेहरा खात्रीने ओळखता येईलच असे नाही. गल्लीच्या दृश्यात माणूस आला एवढेच कळते, कोण आला ते कळत नाही. त्यामुळे प्रवेशद्वाराशी, साधारण आठ-नऊ फूट उंचीवर, येणाऱ्याचा चेहरा समोरून टिपणारा एक कॅमेरा हवा; दुसरा परसदारी, तिसरा जिन्याच्या तोंडाशी. छपराखाली उंच टांगलेला कॅमेरा टोप्या आणि टकले तेवढी दाखवतो.

चित्रण किती दिवस टिकते हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारला जात नाही. नव्या पद्धतीच्या संक्षेपणात दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे वीस-बावीस जीबी जागा घेतो. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते, त्यानंतर जुने पुसले जाते. महिनाभराच्या यात्रेहून परतल्यावर पहिल्या आठवड्यातील चोरीचा पुरावा मिळणार नाही. बँकांना लॉकरकक्षातील ये-जा किमान १८० दिवस जपावी लागते. घराला तेवढे नको, पण महिनाभराची सोय असावी. चित्रण साठवणारा डीव्हीआर हॉलमध्ये दूरदर्शन संचाखाली ठेवला असेल तर चोर सोन्याबरोबर तोही नेतो. तो माडीवर, कुलूपबंद पण हवा खेळत्या कपाटात असावा. तळमजल्यावर तर नकोच, कारण पावसाळ्यातील पाणी कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. वीज गेली की डोळे मिटणारी यंत्रणा वादळी रात्री निरुपयोगी ठरते, म्हणून घरातल्या इन्व्हर्टरवर कॅमेरे, डीव्हीआर आणि इंटरनेटचा राउटर ही तिन्ही जोडून घ्यावीत.

खाऱ्या, दमट हवेत धातूची खोळ आणि जोडण्या लवकर कुजतात. रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागून कोळी येतो आणि भिंगावर जाळे विणतो. मग रात्रभर मोबाईलवर खोट्या सूचना वाजत राहतात व कंटाळून घरचे त्या बंदच करतात. फवारे मारणे हा जैन घरातला उपाय नव्हे. अंगणातला दिवा कॅमेऱ्यापासून चार-पाच हात दूर लावला तर किडे पुष्कळसे तिकडे वळतात; आणि आठवड्यातून एकदा पूंजणीने हळुवार झाडले तर जाळे धरण्याआधीच जागा मोकळी राहते. जयणेने केलेले हे काम यंत्राच्याही हिताचे आहे.

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा घराबाहेरच्यांनाही डोळा देऊ शकतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असे कॅमेरे व राउटर, केवळ त्यांचे मूळ पासवर्ड बदललेले नव्हते म्हणून, ताब्यात घेतले आणि अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. ते दूरचे वाटत असेल तर राजकोटचे पाहावे. २०२५ च्या आरंभी तेथील एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांचे चित्रण बाहेर विकले गेल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक कसोट्या बंधनकारक झाल्या आहेत. त्यामुळे जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नये, आणि बसवणाऱ्या कारागिराने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

राजकोटच्या घटनेतून अधिक नाजूक प्रश्न उपस्थित होतो: घराच्या आत कॅमेरा असावा काय? मुलगा मुंबईला, आईवडील रोह्याला. काळजीपोटी तो माजघरात कॅमेरा लावतो. एकत्र कुटुंबात तिजोरीच्या खोलीसाठी म्हणून लावलेला कॅमेरा स्वयंपाकघराच्या वाटेवरही नजर ठेवतो. त्याचे चित्र कोणाकोणाच्या मोबाईलवर उघडते, हे घरातील सुनेला बहुधा कोणी विचारलेले नसते. ती दिवसभर कॅमेऱ्यासमोर वावरते, डोक्यावरचा पदर सावरत, मोलकरणीशी दोन शब्द बोलतानाही दबून. मोलकरीण तर न सांगताच संशयित ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. कोलकात्यातील एका जुन्या वाड्यात भावाभावांत याच कारणावरून वाद झाला. राहत्या भागात सहनिवासी भावाच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत असे तेथील उच्च न्यायालयाने ठरवले आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले म्हणून लोकांना कळले. न गेलेली किती असतील!

तिजोरीच्या खोलीला दार उघडल्यास वाजणारी साधी घंटा पुरते. वृद्धांसाठी पलंगाजवळ कळ आणि शेजारच्या घरात वाजणारी बेल, दाराला पाहण्याचे भिंग व साखळी, आणि ११२ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत टेलिफोनजवळ, एवढ्याने मुलाची चिंता पुष्कळ हलकी होईल. आईवडिलांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगून ठेवावी: दरोडेखोर समोर उभा राहिला तर किल्ल्या देऊन टाकाव्यात.

चोरी झालीच तर कशालाही हात न लावता आधी पोलिसांना कळवावे. चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून डीव्हीआर घाईने उघडू नये व चित्रफीत आधी समाजाच्या गटांत फिरवू नये. यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे मागे असले तरी वकील त्यावर बोट ठेवतो. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तिथीला, पाखीला म्हणा हवे तर, मागल्या रात्रीचे दोन वाजताचे चित्र उघडून पाहावे. ते उघडते का, वेळ बरोबर आहे का, चेहरा दिसतो का. आणि हे मुलाने मुंबईहून पाहण्याऐवजी घरी असणाऱ्या बांनी पाहावे. कारागिराने त्यांना शिकवून, त्यांच्याच हातून एकदा उघडून घेतल्याशिवाय त्याचे शेवटचे पैसे चुकते करू नयेत.