पात्रता आणि पोहोच

आता प्रश्न असा घेऊ : स्वमग्न मुलाला लस देता येते का? येते. ऑटिझम हे लस नाकारण्याचं कारणच नाही. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८चा लेख 'लॅन्सेट'नं २०१० साली मागे घेतला. कोविडची लस ३ जानेवारी २०२२पासून १५ ते १८ वर्षांच्या मुलांना खुली झाली, तेव्हा अट वयाचीच होती. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा. पण आपल्या सालेकसा-देवरीकडच्या मुलाला गोंगाटाच्या रांगेत तासभर थांबणं झेपत नसेल, तर ही पात्रता कागदावरच राहते ना? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. तेव्हा आधी नंबर, शांत खोली, आईची सोबत हे आपण हक्कानं मागू या. उपकार म्हणून कशाला?