दोरा, नट आणि गुरुत्वाकर्षण

भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये गुरुत्वाकर्षण मोजता येतं. हार्डवेअरच्या दुकानातला जड नट, न ताणला जाणारा दोरा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढंच लागतं. दोरा दाराच्या चौकटीला घट्ट बांधा. गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत नेमकं १ मीटर अंतर ठेवा. पंखा बंद करून नट १० सेंमी बाजूला घ्या आणि धक्का न देता सोडा.

नट जाऊन परत आला की एक आंदोलन, अशी वीस मोजायची. सोडताना 'शून्य' म्हणा. 'एक' म्हटलं तर विसाऐवजी एकोणीसच आंदोलनं मोजली जातात आणि बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. २० पूर्ण आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. मीटरमधल्या लांबीला ३९.५ ने गुणून एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गाने भागा, उत्तर ९.८ च्या जवळपास आलं पाहिजे.

नट दुप्पट जड केला तरी वेळ तेवढाच लागतो. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांना मोजू द्या. वेळ दुप्पट हवा असेल तर दोरा चौपट, म्हणजे ४ मीटर लागतो. त्यासाठी जिन्याच्या मधली पोकळी उत्तम. मात्र खाली कुणी नाही याची खात्री करा आणि मोठ्यांपैकी कुणीतरी सोबत राहावं.

लेऑं फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसला असाच, पण लांब लंबक टांगून पृथ्वीचं फिरणं दाखवलं. तसा लंबक पुण्यात 'आयुका'मध्येही आहे. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. ध्रुवावर ही फेरी जवळपास २४ तासांत पूर्ण होते. भाईंदरच्या अक्षांशावर तिला सुमारे ७२ तास लागतील.